जाळे फाडणारे झाड

धरणात बुडालेल्या झाडांभोवती मासे का जमतात, आणि जमलेले मासे वाढलेले असतात का?

ईसापूर, पूस, अरुणावती, बेंबळा. यवतमाळ जिल्ह्यातल्या आणि त्याच्या सीमेवरच्या या धरणांचे पाणी उन्हाळ्यात उतरू लागले की कुठे काळी पडलेली खोडे वर येतात, कुठे जुन्या बांधाचे दगड, कुठे बुजत आलेल्या विहिरीचा काठ. मासेमारी करणाऱ्या भोई मंडळींचा या बुडालेल्या खोडांवर राग असतो. रात्री लावलेले जाळे एकदा फांदीत गुंतले की सकाळी अर्धेच हाती येते, आणि उरलेला दिवस ते शिवण्यात जातो. तरीही संध्याकाळी जाळे लावायला माणूस पुन्हा त्याच खोडांच्या आसपास जातो. मोकळ्या पाण्यात जाळे शाबूत राहते, पण मासा तितका लागत नाही.

झाड तर केव्हाच मेलेले आहे. त्याला पान नाही, फळ नाही. मग मासे तिथे कशासाठी येतात? जगभर समुद्रात जुनी जहाजे, काँक्रीटचे ठोकळे, पुलांचे अवशेष मुद्दाम बुडवले जातात ते याच अनुभवाच्या भरवशावर. अशा रचनेला कृत्रिम भित्तिका म्हणतात. यवतमाळला समुद्र नाही, पण पाण्याखाली गेलेले बांध, खोडे आणि भिंती आहेत, आणि माशाच्या लेखी दोन्हींचे काम बरेचसे एकच.

पाणी सगळीकडे सारखे नसते

काठावरून पाहणाऱ्याला धरण म्हणजे एकसंध पाणी वाटते. माशाला राहण्याजोगी जागा मात्र त्यात फार थोडी असते. पैनगंगेवरचे ईसापूरचे धरण १९८२ मध्ये पुरे झाले. त्याच्या भिंतीची उंची ५७ मीटर आहे. अशा खोल पाण्यात उन्हाळ्यात दोन थर पडतात. वरचे पाणी तापून हलके होते, खालचे गार आणि जड राहते, आणि दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. त्यामुळे हवेतला प्राणवायू तळापर्यंत पोचत नाही. उलट तळाशी कुजणारा पालापाचोळा तिथे शिल्लक असलेला प्राणवायूही वापरून टाकतो. उजेडाचेही तसेच आहे. तो पाण्यात काही मीटर उतरतो आणि विझतो. पावसाळ्यात काळ्या मातीचा लोंढा आला की आणखी लवकर विझतो. थोडक्यात, मासा जगतो, खातो आणि वाढतो तो प्रामुख्याने वरच्या उजेडाच्या पट्ट्यात. खोल तळाशी बुडालेली भिंत कितीही भक्कम असली तरी उन्हाळ्यात माशाच्या फारशी कामाची नाही.

नदी होती तेव्हा गोष्ट वेगळी होती. सहस्रकुंडच्या धबधब्यापाशी पैनगंगेचे पात्र पाहिले की नदीने माशांसाठी काय काय ठेवलेले असते ते कळते: कातळाच्या कपारी, खळखळते उथळ पाणी, त्यालगतचे डोह, काठच्या झाडांची पाण्यात उतरलेली मुळे. धरणाने पात्र बुडवले आणि त्यावर वर्षानुवर्षे गाळ बसत गेला. कपारी बुजल्या, उथळ धार थांबली. पाण्याचा विस्तार प्रचंड वाढला, पण माशाला टेकायला, लपायला, चरायला लागणारी घट्ट जागा कमी झाली. अशा पाण्यात उभे राहिलेले खोड म्हणजे गेलेल्या नदीचा उरलेला तुकडा.

इथे एक सांगायलाच हवे. बुडालेली भिंत माशांसाठी आसरा असली तरी ती कुणाच्या तरी घराची भिंत होती. जिल्ह्यातल्या धरणांनी माणसे उठवली आहेत. माशांचा फायदा मोजताना तो हिशेब पुसला जाऊ नये.

फांदीवर काय उगवते

वर्षभर पाण्यात राहिलेली बाभळीची फांदी वर काढून हातात घ्या. ती बोटांतून निसटते. नखाने खरवडली तर नखाखाली हिरवट-तपकिरी, बुळबुळीत थर येतो, आणि त्याला ओल्या मातीचा वास असतो. फांदी पांढऱ्या ताटात स्वच्छ पाण्यात झटकली की ताटात हालचाल सुरू होते. केसाएवढ्या लालबुंद अळ्या वळवळतात, मिरीएवढ्या गोगलगायी कडेला चिकटतात, काचेसारखा पारदर्शक झिंगा उडी मारतो. सालीच्या फटीत कधी कधी गोड्या पाण्यातला स्पंजही सापडतो, हिरवट आणि खरखरीत.

हे सगळे एका क्रमाने जमते. लाकूड पाण्यात पडले की पहिल्या काही तासांतच जिवाणू त्यावर चिकटतात आणि चिकट आवरण तयार करतात. त्या आवरणावर सूक्ष्म शेवाळे रुजते. ते उजेडावर अन्न तयार करते, म्हणून उजेडाच्या पट्ट्यातली फांदी खोलातल्या फांदीपेक्षा लवकर भरते. शेवाळे आले की ते खाणारे बारीक जीव येतात, अळ्या येतात, गोगलगायी येतात. त्यांच्या मागोमाग झिंगे आणि लहान मासळी. फांदीला चिकटून वाढणाऱ्या या सगळ्या थराला शास्त्रज्ञ पेरिफायटन म्हणतात. आपण त्याला शेवाळी थर म्हणू.

यात मोलाची गोष्ट लाकूड नव्हे, लाकडाचा पृष्ठभाग आहे. हिशेब करून पाहा. धरणाच्या तळाचा एक चौरस मीटर तुकडा घेतला तर शेवाळ्याला बसायला तेवढीच जागा मिळते. त्याच जागेवर दोन सेंटिमीटर जाडीच्या, एक मीटर लांबीच्या शंभर काटक्यांचा भारा उभा केला, तर काटक्यांचा एकूण पृष्ठभाग सहा चौरस मीटरच्या वर जातो. पाणी तेवढेच, जमीन तेवढीच, पण तळ धरून शेवाळ्याची जागा सात पट. शिवाय ही जागा चिखलात नाही, उजेडात आहे. एका जाड खोडापेक्षा झुडपाचा भारा माशांना अधिक उपयोगी पडतो तो यामुळे.

आडोसा

अन्न हे अर्धेच उत्तर झाले. बोटाएवढ्या माशाला धरणात सगळीकडून धोका असतो. खालून मरळ आणि शिवडा, वरून पाणकावळे. मोकळ्या पाण्यात त्याला पळायला दिशा भरपूर, पण लपायला जागा नाही. फांद्यांच्या जाळीत मोठ्या माशाला वेगाने वळता येत नाही, लहान माशाला येते. सावलीचाही फायदा आहे. सावलीत थांबलेल्या माशाला उजेडातले पाणी स्पष्ट दिसते, पण उजेडातून येणाऱ्याला सावलीतला मासा दिसत नाही. हा फायदा भक्ष्याला मिळतो तसा शिकाऱ्यालाही मिळतो, म्हणून मरळ त्याच खोडाच्या बुडाशी दबा धरून असते.

काही मासे अंडी घालायलाही अशी जागा शोधतात. सायप्रिनस या माशाची अंडी चिकट असतात. ती पाणवनस्पतीला किंवा काटक्यांना चिकटून राहिली तरच नीट उबतात, गाळात पडली तर गुदमरतात. चालट हा चपटा, धारदार पोटाचा मासा बुडालेल्या लाकडावर किंवा दगडावर अंडी लावतो आणि त्यांची राखण करतो. अशा माशांच्या दृष्टीने खोड गेले म्हणजे पुढची पिढी गेली.

चौकट : बुडालेल्या झाडाचे आयुष्य

पहिले काही दिवस: जिवाणूंचे चिकट आवरण. पाने कुजतात, त्यातली खतद्रव्ये पाण्यात उतरतात.

पहिले काही आठवडे: उजेडातल्या फांद्यांवर शेवाळे, त्यावर सूक्ष्म जीव.

पहिले वर्ष: अळ्या, गोगलगायी, झिंगे, लहान मासळी आणि तिच्यामागे शिकारी मासे.

पुढची वर्षे: बारीक फांद्या मोडून पडतात, खोड उरते. कायम पाण्याखाली राहिलेले लाकूड प्राणवायू कमी मिळाल्याने फार हळू कुजते. दरवर्षी ओले आणि कोरडे होणारे लाकूड मात्र लवकर भुसभुशीत होते.

मासे वाढले की नुसते जमले?

आता खरा अवघड प्रश्न. खोडाभोवती जाळ्याला जास्त मासे लागतात, एवढ्यावरून धरणातले मासे वाढले असे म्हणता येते का?

गावात एसटीचा नवा थांबा बांधला, छप्पर घातले, तर दुपारच्या उन्हात माणसे तिथे गोळा होतात. पूर्वी ती इथेतिथे झाडाखाली विखुरलेली असायची. थांब्यावर गर्दी दिसते, पण गावाची लोकसंख्या एकानेही वाढलेली नसते. बुडालेल्या रचनेभोवतीची गर्दी अशीच असू शकते. आणि तसे असेल तर फायदा कमी आणि धोका मोठा. विखुरलेले मासे पकडणे कष्टाचे होते, आता ते एका जागी सापडतात, आणि साठा पूर्वीपेक्षा लवकर संपतो.

अमेरिकी शास्त्रज्ञ जेम्स बोनसॅक यांनी १९८९ मध्ये नेमका हा प्रश्न मांडला. समुद्रातल्या कृत्रिम भित्तिकांवर दाट दिसणारे मासे जागेची टंचाई दूर झाल्यामुळे वाढलेले आहेत, की त्यांना तशी जागा आवडते म्हणून नुसते आलेले आहेत? त्यांच्या मांडणीचा गाभा सोपा आहे. एखाद्या जातीची संख्या जागेअभावी अडली असेल तर जागा दिल्याने ती वाढेल. ती दुसऱ्याच कशाने अडली असेल तर कितीही जागा दिली तरी मासे जमतील, वाढणार नाहीत. मला वाटते, या विषयावरचे निम्मे वाद हा एवढा भेद न केल्यामुळे होतात.

हीच मोजपट्टी आपल्या धरणातल्या माशांना लावू. कटला, रोहू आणि मृगळ हे आपल्या बाजारातले मुख्य मासे. ते पावसाळ्यात पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात, साचलेल्या पाण्यात नाही. म्हणून धरणात त्यांची संख्या मुख्यतः सोडलेल्या मत्स्यबीजावर ठरते. १९५७ मध्ये ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पियुषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन या माशांचे प्रजनन घडवून आणले. तेव्हापासून नदीतून बीज गोळा करण्यावरचे अवलंबित्व संपत गेले. आज जिरे, म्हणजे अगदी बारीक पिल्ले, वाढवून बोटाएवढी बोटुकली केली जाते आणि ती धरणात सोडली जाते. बोटुकली लहान असताना सोडली तर बहुतेक शिकाऱ्यांच्या पोटात जाते. अशा ठिकाणी काठाच्या उथळ, उजेडाच्या पाण्यातले काटक्यांचे भारे तिला पहिले काही आठवडे तारून नेऊ शकतात.

पण पुढे त्यांचे मार्ग वेगळे होतात. कटला वरच्या मोकळ्या पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव गाळून खातो. त्याला फांदीवरच्या थराचे देणेघेणे नाही. रोहूला आहे. त्याच्या झालरीसारख्या ओठांनी तो शेवाळी थर चांगला खरवडतो. बांगलादेशात तळ्यांमध्ये बांबू रोवून केलेल्या प्रयोगांत रोहूचे उत्पादन लक्षणीय वाढले, ते या थरामुळे. म्हणजे या थराने रोहूंची संख्या वाढत नाही, पण प्रत्येक रोहूचे वजन वाढू शकते. मरळ, चालट, वाम यांना मात्र खरी टंचाई आडोशाची आणि अंडी घालण्याच्या जागेची असते. बुडालेले झाड त्यांची संख्याच वाढवू शकते.

चिलापी मासाही शेवाळी थर आवडीने खातो, आणि तो साचलेल्या पाण्यात भराभर वाढतो. उजनीच्या जलाशयात त्याने केवढे बस्तान बसवले आहे ते भिगवणच्या मासळीबाजारात दिसते. चिलापी ज्या पाण्यात आधीच शिरला आहे तिथे काटक्यांचा लाभ रोहूऐवजी त्यालाच मिळण्याची शक्यता आहे. हा विचार केल्याशिवाय भारे टाकू नयेत.

उतरणाऱ्या पाण्याची अडचण

समुद्र आणि धरण यांत एक मोठा फरक आहे. समुद्राची पातळी भरती-ओहोटीपुरती वरखाली होते. धरणाची पातळी पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत अनेक मीटर उतरते. उजनीच्या पाण्यात बुडालेले पळसदेवचे दगडी मंदिर दुष्काळाच्या उन्हाळ्यात उघडे पडते आणि लोक ते पाहायला जातात. पाहणाऱ्याला ते नवल वाटते, पण पाण्याखाली असताना त्या दगडांवर जमलेला सगळा थर तेव्हा उन्हात करपून गेलेला असतो.

यवतमाळकडच्या धरणांतही काठालगतची झुडपे, बेशरमीचे रान, बांधांवरची खोडे ऑक्टोबरात पाण्याखाली असतात आणि एप्रिलमध्ये कोरडी. म्हणून इथे एकाच पातळीवर भारे टाकून उपयोग नाही. ते उतारावर वेगवेगळ्या पातळ्यांवर हवेत, म्हणजे पाणी जसे खाली जाईल तसा मासा एका भाऱ्याकडून दुसऱ्याकडे सरकेल. दुसरा मार्ग तरंगत्या रचनेचा. बांबूच्या तराफ्याखाली काटक्या किंवा दोर टांगले तर ते पाण्याबरोबर वरखाली होतात आणि नेहमी उजेडाच्या पट्ट्यात राहतात.

नव्या धरणाचा पहिला काळ मात्र वेगळाच असतो. पाणी पहिल्यांदा चढते तेव्हा गवत, शेणखत, पालापाचोळा एकदम बुडतो, खतद्रव्ये पाण्यात मिसळतात आणि काही वर्षे मासळीची भरभराट होते. मग हा साठा संपतो आणि उत्पादन घसरते. जुने मच्छिमार धरणाच्या सुरुवातीच्या वर्षांची आठवण काढतात त्यात केवळ गेलेल्या दिवसांचे कौतुक नसते.

समुद्रातली गुलदार

महाराष्ट्रात कृत्रिम भित्तिकेची मोठी चर्चा झाली ती सिंधुदुर्गात. नौदलाची गुलदार ही युद्धनौका १९८५ मध्ये पोलंडमध्ये सेवेत दाखल झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाली. लांबी सुमारे ८४ मीटर. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती कारवारला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या ताब्यात देण्यात आली. निवती रॉकजवळ तिला जलसमाधी देऊन पाण्याखालचे संग्रहालय आणि कृत्रिम भित्तिका करायची, अशी योजना तेव्हा आखण्यात आली.

आपल्या किनाऱ्यावरचा समुद्रतळ बराचसा चिखलाचा. घट्ट जागा थोडी. म्हणून लोखंडी जहाज तिथे टेकले की पाण्यातून वाहत आलेली कालवांची, शिंपल्यांची, स्पंजांची सूक्ष्म पिल्ले त्यावर चिकटतात आणि धरणातल्या फांदीवर घडते तेच मोठ्या प्रमाणावर सुरू होते. कपारीत राहणारे गोबरा, तांबोशी, शेवंड यांना त्याचा लाभ होऊ शकतो. बोंबील आणि पापलेट हे मोकळ्या पाण्यातले मासे. जहाज बुडवल्याने त्यांची संख्या वाढेल अशी आशा धरू नये.

काय बुडवायचे याला फार महत्त्व आहे. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर १९७०च्या दशकात सुमारे वीस लाख टाकाऊ टायर बुडवले गेले. टायरांवर जीव धड रुजले नाहीत, ते बांधणारे पट्टे गंजून तुटले, आणि सुटे टायर लाटांबरोबर लोळत जवळच्या खऱ्या प्रवाळांवर आदळू लागले. ते काढण्याचे काम पुढे कितीतरी वर्षे चालले. त्याच राज्यात २००६ मध्ये ओरिस्कनी ही विमानवाहू नौका बुडवली, तेव्हा आधी तिच्यातली घातक द्रव्ये काढण्यावर मोठा खर्च झाला. बुडवलेली वस्तू जड हवी, न हलणारी हवी, तेल-रंग-प्लास्टिकविरहित हवी. तमिळनाडू आणि केरळच्या किनाऱ्यावर केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मार्गदर्शनाखाली काँक्रीटच्या खास साच्यांतले ठोकळे वापरतात ते म्हणूनच. धरणासाठी तर काँक्रीटचीही गरज नाही. बाभळीच्या काटेरी फांद्या आणि त्यांना बुडवायला दगड पुरतात. नायलॉनच्या दोरीऐवजी काथ्या वापरला तर उत्तम.

फाटलेल्या जाळ्याचा फायदा

आता पुन्हा त्या गुंतलेल्या जाळ्याकडे. समुद्रात ट्रॉलरचे जाळे तळ खरवडत जाते. जिथे जहाज किंवा काँक्रीटचे ठोकळे आहेत तिथे ते नेता येत नाही, म्हणून तेवढा तळ वाचतो. काही देशांत भित्तिका उभारतात ते मासे वाढवण्यापेक्षा ट्रॉलर अडवण्यासाठीच. धरणातले खोड हेच काम करते. जाळे फाडणारी जागा म्हणजे मासे पूर्णपणे उपसून काढता न येणारी जागा. मोठी, अंड्यावर आलेली मरळ तिथे टिकते, आणि तिची पिल्ले पुढे आजूबाजूच्या पाण्यात पसरतात. धरणाचा तळ साफ करून सगळी खोडे काढावीत अशी मागणी मासेमारीच्या सोयीसाठी होते तेव्हा हे लक्षात घ्यायला हवे. जाळी टाकायचे मार्ग मोकळे करणे वेगळे, आणि सगळा आडोसा उखडणे वेगळे.

आसऱ्याची जागा राखली तर काय होते ते महाडजवळच्या वाळणकोंडीत दिसते. काळ नदीच्या त्या डोहात देवीच्या नावाने मासेमारी होत नाही, आणि नदीत इतरत्र दुर्मीळ झालेला महसीर तिथे मोठमोठ्या आकाराचा राहतो. याच्या उलट टोकाला बांगलादेशातली काठा पद्धत. तिथे पाण्यात फांद्यांचे ढीग टाकतात, काही महिने मासे जमू देतात, मग भोवती जाळे लावून फांद्या उपसतात आणि झाडून सगळी मासळी काढतात. पीक एकदम हाती येते, पण पुढच्या हंगामासाठी ठेवायची माशांची जोडीही त्यातच जाते.

यवतमाळच्या एखाद्या मच्छिमार सहकारी संस्थेने भारे टाकायचे ठरवले तर निम्मे भारे पकडीसाठी आणि निम्मे कायमचे वर्ज्य ठेवता येतील. वर्ज्य भाऱ्यांना खुणेचा तरंगता डबा बांधावा, आणि त्याच्या भोवताली जाळे नाही, गळही नाही, हे संस्थेनेच ठरवावे. जाळ्याचा आस, म्हणजे छिद्र, मोठा ठेवला तर वाढीची बोटुकली निसटते, हे तर कुठल्याही पाण्यात लागू आहे.

मासे वाढले की नुसते जमले, याचे उत्तर मिळवायला प्रयोगशाळा लागत नाही. संस्थेत वही असतेच. भारे टाकण्याच्या आदल्या हंगामापासून त्यात दोन रकाने ठेवावेत: भाऱ्यांची जागा ठरली आहे तिथल्या जाळ्यांना रात्रीमागे किती किलो लागले, आणि दूरच्या मोकळ्या पाण्यातल्या तेवढ्याच लांबीच्या, तेवढ्याच आसाच्या जाळ्यांना किती. भारे टाकल्यावर पहिल्या रकान्यातला आकडा वाढेलच. पाहायचे ते दुसऱ्या रकान्याकडे. जवळचा आकडा चढला आणि दूरचा उतरला, तर मासे फक्त एका जागेवरून दुसरीकडे आले. जवळचा चढला आणि दूरचा दोन-तीन हंगाम होता तिथेच राहिला किंवा थोडा वाढला, तर भाऱ्यांनी धरणात खरोखर नवी मासळी घातली असण्याची शक्यता बरीच. जातीनिहाय नोंद ठेवली तर मरळीचा आकडा काय सांगतो आणि कटल्याचा काय, तेही वेगळे दिसेल.